नाव झाकून पाहा

मलकापूर म्हटलं की कुणाला बुलढाण्याचं आठवतं, कुणाला शाहूवाडीचं. आमचं मलकापूर कराडला चिकटलेलं, आगाशिवाच्या डोंगराच्या पायथ्याशी, पुणे-बेंगळुरू महामार्गानं मधोमध कापलेलं. नव्वदच्या दशकात इथल्या पोरांच्या दप्तरात एक वस्तू हमखास सापडायची : डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांचा कॅट. प्रत्येक पत्त्यावर एका मल्लाचा फोटो आणि खाली त्याची कुंडली. उंची, वजन, छाती, दंड, लढती, रँक. योकोझुनाचा पत्ता हातात आला की आपण फक्त ‘वजन’ म्हणायचं आणि समोरच्यानं मुकाट आपला पत्ता काढून द्यायचा.

हा योकोझुना आम्हाला जपानी वाटायचा. वाटणारच. डोक्यावर सुमो मल्लाचा बुचडा, कमरेला सुमोचा पट्टा, सोबत जपानचा झेंडा घेतलेला मिस्टर फुजी नावाचा व्यवस्थापक. पंचाची पाठ फिरली की हा फुजी समोरच्याच्या डोळ्यांत मीठ फेकायचा. आमच्या लेखी जपानी माणूस म्हणजे असा : अवाढव्य, अबोल आणि दगाबाज.

पुढे कळलं की योकोझुना जपानी नव्हताच. त्याचं नाव रॉडनी अनोआई. सामोआ बेटांवरून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातला, जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा. फुजीही हवाईचा, म्हणजे अमेरिकनच. ‘योकोझुना’ हे तर नावसुद्धा नव्हे, ती सुमोतली सर्वोच्च पदवी. म्हणजे आपल्याकडं एखाद्याचं नावच ‘महाराष्ट्र केसरी’ ठेवावं, तसला प्रकार.

गंमत अशी की खऱ्या जपानी मल्लाची गोष्ट आमच्या उशापायथ्याशीच होती. मलकापूरजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेत त्यांना हरवणाऱ्यांत एक होता जपानचा शोहाची इशी. सुवर्णपदक त्यानंच नेलं. खाशाबांची गोष्ट इकडं घरोघरी सांगितली जाते, पण त्या गोष्टीत इशी कधी खलनायक होत नाही. तो चांगला लढला आणि जिंकला, एवढंच त्याच्याबद्दल बोललं जातं.

खऱ्या कुस्तीत समोर प्रतिस्पर्धी असतो. लिहिलेल्या कुस्तीला मात्र खलनायक लागतो. तो कसा लिहितात, लिहिताना कुठं चुकतात आणि चुकलेला वग पुन्हा कसा बांधता येईल, हे या प्रकरणात पाहू. त्यासाठी पात्र घेऊ मुहम्मद हसन याचं. अमेरिकेच्या टीव्हीवर ते सात महिने चाललं आणि एका रात्रीत संपलं.

ठरलेला निकाल

आधी एक गैरसमज बाजूला करू. ‘ते सगळं खोटं असतं’ असं म्हणून आपल्याकडची जाणती माणसं हा विषय झटकून टाकतात. त्यांचंही चूक नाही. गावच्या यात्रेतला कुस्त्यांचा फड ज्यानं पाहिलाय, त्याला ठरवून केलेल्या कुस्तीचा मनस्वी राग असतो. पोराटोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या संपतात, इनामाच्या कुस्त्या लागतात, हलगी-घुमकं चढत जातं. दोन नावाजलेले गडी सलामी देतात, माती लावतात, खडाखडी सुरू होते. पाच मिनिटं जातात, दहा जातात. कुणी पटात शिरत नाही, कुणी ढाक मारत नाही, नुसती मनगटं धरून फिरणं. मग कडेनं आवाज येतो, ‘निकाली होऊ द्या!’ आणखी दोन मिनिटांनी कुणीतरी तो जहरी शब्द उच्चारतो : नुरा कुस्ती. आपसात ठरवलेली. फडात एखाद्या मल्लाला यापेक्षा मोठी शिवी नाही.

डब्ल्यूडब्ल्यूईत, म्हणजे आमच्या वेळच्या डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये, हीच शिवी म्हणजे धंदा आहे, आणि तो उघड आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये कंपनीनं न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढं स्वतःच सांगून टाकलं की आमचा प्रकार हा खेळ नाही, करमणूक आहे. हेतू सरळ होता : खेळांवर देखरेख करणाऱ्या मंडळाचे नियम आणि शुल्क चुकवायचं. निकाल आधी ठरतो, लढतीतले दोन-चार मोक्याचे प्रसंग ठरतात, मधला भाग मल्ल आयत्या वेळी एकमेकांच्या कानात कुजबुजत रचतात. पडणं मात्र खरं असतं. १९९८ साली पिट्सबर्गला मिक फोली हा मल्ल १६ फूट उंच पिंजऱ्यावरून खाली टेबलावर कोसळला, तेव्हा निकाल ठरलेला होता, पण गुरुत्वाकर्षणाला तो कुणी सांगितलेला नव्हता.

तमाशा पाहिलेल्या माणसाला हे परकं वाटू नये. वगाची कथा ठरलेली, शेवट ठरलेला, आणि मधले संवाद नट समोरच्या गर्दीचा रंग बघून फुलवणार. फरक एवढाच की वगातला राजा रात्री सोंग उतरवून बिडी ओढताना दिसला तरी कुणी हरकत घेत नाही. प्रो-रेसलिंगमधल्या नटानं मात्र बाहेरही तेच सोंग वागवायचं, अशी जुनी रीत होती. सोंग आणि माणूस यांच्यातला पडदा मुद्दाम पातळ ठेवलेला असतो. म्हणूनच १९९४ साली अंडरटेकर नावाच्या मल्लाला योकोझुना आणि त्याच्या साथीदारांनी शवपेटीत कोंडलं आणि पुढं ऑगस्टमध्ये चक्क दोन अंडरटेकर एकमेकांशी लढले, तेव्हा आमच्या शाळेत ‘तो सात वेळा मेलाय’ ही बातमी वर्तमानपत्रापेक्षा जास्त विश्वासानं फिरत होती.

पडदा पातळ असला की लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढते. सिनेमातला खलनायक प्रेक्षक थिएटरमध्ये सोडून येतो. हा खलनायक त्याच्यासोबत रस्त्यावर येतो, आणि रस्त्यावर त्याच्यासारख्या नावाची खरी माणसं राहत असतात.

फुकटचा राग

या धंद्यात खलपुरुषाला ‘हील’ म्हणतात, नायकाला ‘फेस’. हीलचं काम एकच : प्रेक्षकांचा राग ओढून घ्यायचा. त्या रागाला ते ‘हीट’ म्हणतात. हीट दोन प्रकारची असते. एक कमावलेली. त्यात हील आधी मित्राशी दगा करतो, पंचाच्या नजरेआड लाथ घालतो, जिंकत आलेल्या गड्याचा विजय चोरतो. प्रेक्षक त्याची करणी पाहतात आणि चिडतात. दुसरी फुकटची. त्यात हील काही करतच नाही. नुसता येतो आणि प्रेक्षकांना आधीपासूनच ज्यांचा राग आहे त्यांचा झेंडा दाखवतो. बीळ दुसऱ्यानं खणलेलं, हा त्यावरचा आयता नागोबा.

फुकटचा राग सोपा असल्यामुळं अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या वापरला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर खोटे जर्मन आणि खोटे जपानी आले, शीतयुद्धात खोटे रशियन. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी सार्जंट स्लॉटर या ‘अमेरिकन सैनिका’ला सद्दामचा पाठीराखा बनवलं गेलं. त्याच्या मदतीला ‘कर्नल मुस्तफा’ नावाचा इराकी अधिकारी दिला. हा मुस्तफा म्हणजे आधीचा आयर्न शेख, खरं नाव हुसेन खोसरो अली वझिरी, जन्मानं इराणी. इराण आणि इराक १९८० ते १९८८ अशी आठ वर्षं एकमेकांचं रक्त सांडत होते, आणि तीनच वर्षांनी इराण्याच्या अंगावर इराकी गणवेश चढवला गेला. लिहिणाऱ्यांच्या हिशेबी दोन्ही सारखेच.

सात महिन्यांचा हसन

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेतल्या अरब आणि मुस्लिम माणसांचं रोजचं जगणं बदललं. विमानतळावर त्यांना बाजूला काढलं जाऊ लागलं, शेजारी बोलेनासे झाले. पगडीमुळं मुस्लिम समजून शिखांवरही हल्ले झाले. २००४ च्या अखेरीस डब्ल्यूडब्ल्यूईनं यावरच एक पात्र बेतलं. मुहम्मद हसन : अमेरिकेत वाढलेला अरब तरुण, स्वच्छ इंग्रजी बोलणारा, सुटाबुटातला. आधी काही आठवडे त्याच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या. त्यांत तो शांतपणे सांगायचा की मीही याच देशाचा आहे, मग मला शत्रूसारखं का वागवता?

भूमिका करणारा मार्क कोपानी हा न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा, इटालियन वंशाचा, जेमतेम २३ वर्षांचा. सोबतीला खोसरो दैवारी हा व्यवस्थापक. ती भूमिका करणारा शॉन दैवारी खरोखर इराणी घरातला, आणि त्याचं बोलणं फारसी. अरब मल्लाचा व्यवस्थापक फारसी बोलतो, यात कुणालाही काही खटकलं नाही.

कल्पना म्हणून या पात्रात ताकद होती. हीलच्या तोंडी खरी तक्रार देणं ही लेखनातली वरची पायरी. प्रेक्षक त्याच्यावर ओरडतील आणि ओरडताना मनात कुठंतरी चरकतीलही. पण झालं भलतंच. १३ डिसेंबर २००४ ला हसन प्रत्यक्ष रिंगणात उतरला आणि पहिल्या दिवसापासून त्याची तक्रार हाच त्याचा गुन्हा ठरला. तो अन्यायाबद्दल बोलला की गर्दीनं ‘यूएसए, यूएसए’ म्हणून त्याला गप्प करायचं आणि कथेनं गर्दीची पाठ थोपटायची. ३ एप्रिल २००५ ला रेसलमेनियात त्यानं आणि दैवारीनं युजीन या भोळ्या पात्राला मारलं. मग ‘खऱ्या अमेरिकना’चं गाणं वाजलं, लोकप्रिय मल्ल हल्क होगन आला आणि दोघांना झोडपून गेला. लॉस एंजेलिसचं सभागृह दणाणलं. हसननं उपस्थित केलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून कथेनं एक ठोसा दिला होता.

खरा घात जुलैत झाला. ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, पुढच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं. दैवारीची लढत अंडरटेकरशी होती आणि तो हरला. हसन उतारावर गुडघे टेकून बसला, हात वर केले, जणू प्रार्थनाच. त्यासरशी तोंडावर काळे बुरखे चढवलेले पाच जण धावत आले. त्यांनी अंडरटेकरला दांडक्यांनी मारलं, तारेनं त्याचा गळा आवळला. हसननं पालथ्या पडलेल्या त्या धिप्पाड देहाच्या पाठीवर बसून हनुवटी मागं खेचली. नंतर ते बुरखेधारी बेशुद्ध दैवारीला डोक्यावर उचलून घेऊन गेले, हुतात्म्याला न्यावं तसे.

हे प्रक्षेपित होणार होतं गुरुवार, ७ जुलैला. त्या दिवशी सकाळी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये बॉम्बस्फोट झाले, ५२ निरपराध माणसं मेली. ब्रिटनमध्ये तो भाग कापला गेला. अमेरिकेत यूपीएन वाहिनीनं पडद्यावर सूचना देऊन तो दाखवला. मग गहजब झाला, वाहिनीनं हात वर केले, ‘हा माणूस आमच्याकडं पुन्हा दिसता कामा नये’ असा पवित्रा घेतला. २४ जुलैला अंडरटेकरनं हसनला उचलून मंचाच्या फळ्या फोडून खाली आपटलं आणि पात्र संपलं. सप्टेंबरमध्ये कोपानीलाही नारळ मिळाला.

तारखांचा योगायोग दुर्दैवी होता, हे खरं. पण चूक योगायोगाची नव्हती. ‘मला दहशतवादी समजू नका’ असं सात महिने सांगणाऱ्या पात्राला लेखकांनी शेवटी बुरखेधारी टोळीचा म्होरक्या केलं. प्रेक्षकांतला सर्वांत पूर्वग्रही माणूस पहिल्या दिवसापासून जे म्हणत होता, ते कथेनं खरं करून दाखवलं. लंडनमध्ये त्या सकाळी पानही हललं नसतं, तरी हे लिखाण पडलेलंच होतं.

आपल्याकडचा खल

आता जरा घरी येऊ. मराठी पडद्यावरचा सर्वांत मोठा खलनायक कोण, यावर आमच्याकडं वाद होत नाही. निळू फुले. वगनाट्यातून आलेला हा नट १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’पासून पाटील, सरपंच, साखरसम्राट असा उभा राहिला की गावोगावच्या बायका त्यांना खरोखर शिव्या मोजायच्या. प्रत्यक्षात माणूस सेवादलाचा, चळवळीत रमणारा. म्हणजे सोंग आणि माणूस यांतला पडदा इथंही पातळच होता.

‘सामना’मधला त्यांचा हिंदुराव धोंडे-पाटील आठवा. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, साल १९७५. साखर कारखाना, सत्ता, दारू, मोटारी, आणि गायब झालेल्या एका माणसाबद्दल एकच प्रश्न विचारत राहणारा मास्तर. कृष्णाकाठच्या कारखान्यांच्या सावलीत वाढलेल्या आम्हाला या हिंदुरावाची कुणी ओळख करून द्यावी लागली नाही. पण त्याचा राग येतो तो कशाचा? त्याच्या आडनावाचा नाही. त्यानं काय केलं, काय दडपलं, याचा.

इथं मी एक साधी कसोटी सुचवतो. खलनायकाचं नाव, वेश, भाषा, देव हे सगळं हातानं झाका आणि उरलेली गोष्ट कुणालातरी सांगा. ऐकणाऱ्याला तो तरीही खलनायक वाटला, तर लिखाण उभं आहे. हिंदुरावाचं नाव झाकलं, तो गुजराती गिरणीमालक केला किंवा बिहारी जमीनदार केला, तरी गोष्ट हलत नाही.

वाद झाला म्हणजे पात्र वाईटच लिहिलंय, असंही नाही. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात झाला. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून रान उठलं, ते करणाऱ्या संस्थेनं १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवलं, आणि त्यातल्या मंडळींनी बाहेर पडून, थिएटर ॲकॅडमी काढून १९७४ साली ते पुन्हा उभं केलं. या नाटकाला आपली कसोटी लावा. नाव झाका. एक सत्ताधीश आपल्या सोयीसाठी एका माणसाला कोतवाल करतो, त्याच्याकडून हवं ते करून घेतो आणि लोक खवळले की त्यालाच लोकांच्या स्वाधीन करतो. खल शिल्लक राहिला की नाही? राहिला. गोष्ट जगात कुठंही लागू पडते.

हसनचं झाका. एक तरुण येतो, म्हणतो माझ्यावर अन्याय होतोय. लोक त्याला ओरडून गप्प करतात. एक लोकप्रिय पहिलवान येऊन त्याला मारतो. आता सांगा, या गोष्टीत खलनायक कोण?

वग पुन्हा बांधू

मग काय, असं पात्र करूच नये? तसं नाही. अरब किंवा मुस्लिम मल्लानं फक्त सद्गुणीच असावं, हाही एक प्रकारचा अपमान आहे. नाटकातली चांगली कामं बहुधा खलांनाच मिळतात. ती काही माणसांना कायमची नाकारणं हा न्याय नव्हे. तेव्हा हसन हीलच राहू दे. फक्त चार ठिकाणी गाठी सोडून पुन्हा बांधू.

पहिली रात्र. हसन तक्रार मांडतो, गर्दी ओरडते. इथं लोकांचा लाडका एखादा मल्ल, मिक फोलीसारखा, रिंगणात येतो. सगळ्यांना वाटतं आता ठोसा बसणार. तो हसनचा हात हातात घेतो आणि गर्दीकडं वळून म्हणतो, ‘हा खरं बोलतोय.’ एवढ्या एका वाक्यानं गर्दी दुभंगते. तक्रार कथेतल्या कुणीतरी मान्य केली, की तिला गुन्हा ठरवता येत नाही.

दुसरी गाठ. हसन तीन-चार लढती निर्मळपणे जिंकतो. गडी खरा आहे, हे लोकांना पटतं. मग एक लढत तो स्वच्छ हरतो. दोन्ही खांदे टेकलेले, पंचानं तीन मोजलेले, कॅमेऱ्यानं तीन कोनांतून दाखवलेलं. हसन माइक घेतो आणि म्हणतो, ‘मी अरब आहे म्हणून हरवलं.’ इथं त्याचं पाऊल घसरलं. कॅमेरा दैवारीच्या चेहऱ्यावर थांबतो. त्यानं पंचाची मोजणी पाहिलेली आहे. तो काही बोलत नाही, पण टाळीही वाजवत नाही. आता हसनचा गुन्हा तयार झाला, आणि तो जन्माचा नाही, करणीचा आहे. खरं दुःख त्यानं खोट्या नाण्यासारखं चालवायला काढलं.

तिसरी गाठ रेसलमेनियाची. होगन येऊ दे, गाणंही वाजू दे. पण त्या रात्री हसनची काही चूक नाही. दुसऱ्याच कुणीतरी केलेल्या हल्ल्याचा आळ त्याच्यावर येतो आणि नायक शहानिशा न करता त्याला मारतो. लोक जल्लोष करतात. पुढच्या आठवड्यात खरी चित्रफीत दाखवली जाते आणि नायकाला त्याच रिंगणात उभं राहून चूक कबूल करावी लागते. गर्दीनं ज्या जल्लोषात भाग घेतला, त्याची थोडी शरम तिच्याही वाट्याला यावी. हसन मात्र माफी स्वीकारत नाही. त्याला आता कायमचं हत्यार मिळालंय. यापुढं प्रत्येक पराभवाला तो तीच चित्रफीत दाखवणार.

चौथी गाठ निर्णायक. त्याच्यासमोर शेवटी उभा राहतो तो दैवारी. कारण हसनच्या प्रत्येक खोट्या कांगाव्यानं सर्वांत जास्त नुकसान त्याचंच होतं. उद्या त्याच्यावर खरा अन्याय झाला तर कोण विश्वास ठेवणार? झेंडा नाही, प्रार्थना नाही, बुरखे नाहीत. एकाच प्रकारची वागणूक सोसलेले दोघं, आणि त्या दुःखाचं काय करायचं यावर त्यांची लढत. आता गर्दीला हसनवर ओरडायचं तर दैवारीच्या बाजूनं उभं राहूनच ओरडावं लागेल. ‘ते लोक’ म्हणायची सोयच उरली नाही.

धंदा जाणणारा कुणी म्हणेल, एवढं नाजूक लिहून तिकिटं खपतात का? हिशेब बघा. फुकटच्या रागावर चालवलेला हसन सात महिन्यांत संपला, कंपनीच्या हातचा एक तरणाबांड गडी गेला आणि वाहिनीशी बिनसलं ते वेगळंच.

पुढच्या फेऱ्या

कंपनी यातून लगेच शहाणी झाली असं नाही. एप्रिल २००६ मध्ये हाच दैवारी एका नव्या राक्षसाला घेऊन आला आणि त्यानं आल्याआल्या अंडरटेकरला लोळवलं. तो आपला द ग्रेट खली, हिमाचलचा दलीप सिंग राणा. पुढं २००७ मध्ये तो जगज्जेता झाला आणि कराड-मलकापुरात पोरांनी जल्लोष केला. पण सुरुवातीला त्याला न बोलणारा, किंचाळणारा दानवच बनवलं होतं.

मे २०१७ मध्ये कॅनडात जन्मलेला पंजाबी युवराज धेसी ‘जिंदर महल’ म्हणून विजेता झाला. त्याचंही म्हणणं तेच : मी वेगळा दिसतो म्हणून तुम्ही मला हिणवता. पुन्हा तक्रार हाच गुन्हा. त्याच वर्षी त्याच्या तोंडी शिन्सुके नाकामुरा या खऱ्याखुऱ्या जपानी मल्लाच्या दिसण्यावर हलक्या कोट्या घातल्या गेल्या, तेव्हा समोरच्या गर्दीनंच ‘हे अति होतंय’ म्हणून घोषणा दिल्या. प्रेक्षक लेखकांच्या पुढं गेले होते.

आणि मग ऑगस्ट २०२० पासून एक वेगळी गोष्ट सुरू झाली. तिचा हील होता रोमन रेन्स. खरं आडनाव अनोआई. होय, आमच्या ट्रम्प कार्डातल्या योकोझुनाच्याच घराण्यातला. दोघं नात्यानं भाऊ. योकोझुनाला जपानी म्हणून उभं केलं होतं, रोमन मात्र सामोअन म्हणूनच आला. स्वतःला तो कुळाचा प्रमुख म्हणवतो. घराण्याची पोटं मी भरतो, तेव्हा माझा शब्द पाळा, असं त्याचं म्हणणं. २५ ऑक्टोबर २०२० च्या लढतीत त्याच्यासमोर होता त्याचा चुलत घरातला भाऊ जे उसो. काही केल्या जे हार मानेना. तेव्हा रोमननं जेच्या जुळ्या भावाचा, जिमीचा गळा आवळला. भावाला वाचवायला जेनं हार कबूल केली. मग त्या रोमनच्याच पंक्तीला बसून त्याला वर्षानुवर्षं जेवावं लागलं.

याला आपल्याकडं एकच शब्द आहे : भाऊबंदकी. नाव झाका, सामोआ पुसा, त्याजागी कृष्णाकाठचा बावीस एकरांचा मळा ठेवा. सातबारा थोरल्याच्या नावावर, धाकटे त्याच्या तोंडाकडं बघणारे. गोष्ट जशीच्या तशी उभी राहते. पुढं या घरात सामी झेन शिरला. सीरियातून कॅनडात आलेल्या मुस्लिम घरातला हा मुलगा कथेत आला तो आश्रित मित्र म्हणून. जानेवारी २०२३ मध्ये रोमननं त्याच्या हातात खुर्ची देऊन जुन्या मित्राला मारायला सांगितलं आणि झेननं ती खुर्ची रोमनच्याच पाठीत घातली. अख्खं सभागृह त्याच्या बाजूनं उठलं. त्याच्या धर्माचा उल्लेख करायची कुणाला गरज पडली नाही.

विजेता म्हणून रोमनची सद्दी १,३१६ दिवस टिकली, एप्रिल २०२४ पर्यंत.

आता राहिलेल्या माणसांचा हिशेब. हसनला झोडपणाऱ्या हल्क होगनचं खासगी वर्णद्वेषी बोलणं जुलै २०१५ मध्ये बाहेर आलं आणि कंपनीनं त्याच्याशी नातं तोडलं. तीन वर्षांनी त्याला परत घेतलं. योकोझुना २००० साली लिव्हरपूलच्या हॉटेलात वारला, वय ३४. पडद्यावर त्याला आपल्या घराण्याचं नाव कधी लावताच आलं नाही. आणि मुहम्मद हसन? मार्क कोपानी शिक्षणक्षेत्रात गेला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेचा मुख्याध्यापक झाला.